रान, माळरान आणि एका संशोधनाचे आयुष्य

मुंबईहून सोलापूरकडे जाणारी रेल्वे साधारण साडेचारशे किलोमीटरच्या अंतरात महाराष्ट्राच्या पावसाचा जवळजवळ सगळा पट ओलांडते. मुंबईत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, बोरघाट चढून लोणावळ्याला पोहोचेपर्यंत तो चार हजारांच्या आसपास जातो, पुण्यात एकदम सातशेच्या घरात उतरतो आणि दौंडच्या पुढे पाचशेच्या जवळ येऊन ठेपतो. पाऊस बदलतो तशी झाडोऱ्याची रचनाही बदलते. घाटातले दाट, सावलीचे जंगल मागे पडते, मग पानगळीची विरळ झाडी येते आणि शेवटी गवताळ माळ लागतो, ज्यावर हिवर, बोर, खैर आणि बाभूळ अंतराअंतराने उभी असतात. हे चित्र आपल्या इतके सवयीचे आहे, की त्यात काही प्रश्न दडला आहे असे सहसा वाटत नाही. परंतु परिसंस्थांचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ, म्हणजे इकॉलॉजिस्ट, आपली तीस-चाळीस वर्षांची कारकीर्द याच चित्रातल्या प्रश्नांसाठी खर्च करतो. जंगल नेमके कुठे संपते आणि माळरान कुठे सुरू होते, ती सीमा केवळ पावसाने ठरते की आणखी कशाने, आणि हवामान बदलत असताना ती सरकते आहे का, हे ते प्रश्न आहेत.

या प्रश्नांची उत्तरे मिळायला इतका वेळ का लागतो, हे आधी समजून घ्यायला हवे. प्रयोगशाळेतला जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतो, तर कोरड्या पानगळीच्या जंगलातल्या झाडाचे खोड वर्षभरात जेमतेम काही मिलिमीटर जाड होते. मोजपट्टी थोडी तिरकी धरली किंवा मागच्या वेळेपेक्षा बोटभर वर गुंडाळली, तर तेवढ्यानेच वर्षाची सगळी वाढ पुसली जाऊ शकते. म्हणून खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे. ज्या जागी मोजले तेथे रंगाची रेघ ओढली जाते, प्रत्येक झाडाला क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला लावला जातो आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच रेघेवर मोजपट्टी ठेवली जाते. काही घटना तर इतक्या अंतराने घडतात, की त्या एका आयुष्यात मोजक्याच वेळा पाहायला मिळतात. आपल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मरते. २०१६ मध्ये ती फुलली, त्यानंतर २०२४ मध्ये. पदवीनंतर लगेच कारवीचा अभ्यास हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला निवृत्तीपर्यंत अशा चार-पाच बहरांपेक्षा अधिक पाहता येणार नाहीत. कोणता बहर नेहमीसारखा होता आणि कोणता बदललेल्या पावसामुळे वेगळा झाला, हे त्याला एवढ्याच निरीक्षणांवरून ठरवावे लागेल. म्हणूनच आधीच्या पिढ्यांनी जपून ठेवलेले पुरावे या शास्त्रात अमूल्य ठरतात. मुंबईतच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे १८८३ पासूनचे संग्रह आहेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे. कागदावर चिकटवलेल्या वाळक्या फांदीसोबत तारीख आणि ठिकाण लिहिलेले असते, त्यामुळे एखादी वनस्पती शंभर वर्षांपूर्वी कुठे आणि कोणत्या महिन्यात फुलत होती, हे आजही तपासता येते.

दीर्घकालीन मोजणीचा मोठा प्रयोग १९८०च्या सुमारास पनामातील बारो कोलोराडो या बेटावर सुरू झाला. स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर या शास्त्रज्ञांनी तेथे ५० हेक्टर जंगल आखून घेतले, म्हणजे आपल्या शिवाजी पार्कच्या मैदानाच्या चौपटीहून अधिक जागा. एक सेंटिमीटरहून जाड असलेले प्रत्येक खोड त्यांनी मोजले. अशी दोन लाखांहून अधिक खोडे आणि सुमारे तीनशे जाती तेथे नोंदल्या गेल्या, आणि ती मोजणी दर पाच वर्षांनी नव्याने केली जाते. भारतात याच पद्धतीचा ५० हेक्टरचा पट्टा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तामिळनाडूतील मुदुमलाई येथे आखला. तेथले जंगल कोरड्या पानगळीचे आहे आणि त्यातले साग, धावडा, ऐन हे वृक्ष महाराष्ट्रातल्या वाचकाला परके नाहीत. सुरुवातीला तेथे सुमारे पंचवीस हजार खोडे मोजली गेली. तेव्हापासून कोणते झाड मेले, का मेले आणि कोणते नवे रोप एक सेंटिमीटरची मर्यादा ओलांडून मोजणीत आले, याची नोंद दरवर्षी होते.

या नोंदींमधून जे दिसले, ते एक-दोन वर्षांच्या पाहणीत कधीच दिसले नसते. वारंग नावाचे मध्यम उंचीचे झाड तेथे विपुल होते. हत्तींनी ते इतके खाल्ले आणि मोडले, की काही वर्षांत त्याची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. वणव्यांनी मुख्यतः बारीक खोडे मारली, मोठी झाडे बहुधा तगली. सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट दुष्काळाबाबत आढळली. पाऊस कमी झालेल्या वर्षी मोठी झाडे लगेच मेली नाहीत. त्यांचे मृत्यू दोन-तीन वर्षांनी वाढले. याचे कारण जमिनीखाली आहे. मोठ्या झाडांची मुळे मातीच्या थराखालच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या खडकापर्यंत जातात आणि तेथे आधीच्या चांगल्या पावसाळ्यांत मुरलेले पाणी वापरतात. तो साठा संपत जातो तोवर झाड वरून निरोगी दिसते, आणि साठा पुन्हा भरण्यासाठी एक बरा पावसाळा पुरेसा नसतो. आता कल्पना करावी, की एखाद्याने नेमक्या दुष्काळाच्या वर्षी तेथे जाऊन वर्षभर मोजणी केली असती. त्याने प्रामाणिकपणे लिहिले असते की दुष्काळाचा या जंगलावर काही परिणाम होत नाही. त्याची मोजणी बिनचूक असती आणि निष्कर्ष मात्र पूर्ण चुकीचा ठरला असता.

संशोधनाचे अनुदान साधारणपणे तीन ते पाच वर्षांच्या प्रकल्पाला मिळते, आणि या शास्त्रातली सर्वांत मोठी अडचण मला हीच वाटते. नवे उपकरण, नवी कल्पना यांना पैसा मिळतो. तीच झाडे सातव्यांदा मोजायला तो मिळवणे कठीण जाते. परिणामी दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासाचा मुख्य शास्त्रज्ञ आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग केवळ नोंदींची साखळी तुटू नये यासाठी घालवतो. रोजची प्रत्यक्ष मोजणी करणारे, झाडे पानांवरून आणि सालीवरून ओळखणारे स्थानिक आदिवासी सहकारी अनेकदा त्याच्याहून अधिक वर्षे त्या जंगलात वावरलेले असतात, आणि शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव क्वचितच दिसते.

जंगलाकडून कोरड्या प्रदेशाकडे वळले, की प्रश्नाचे स्वरूप बदलते. कोरडवाहू प्रदेश म्हणजे केवळ कमी पावसाचा प्रदेश, अशी आपली समजूत असते. शास्त्रीय व्याख्या मात्र दोन गोष्टींच्या गुणोत्तरावर उभी आहे: वर्षभरात पडणारा पाऊस, आणि भरपूर पाणी उपलब्ध असते तर उष्णतेने, वाऱ्याने व वनस्पतींच्या बाष्पोत्सर्जनाने (पानांतून बाहेर पडणाऱ्या वाफेने) जेवढे पाणी हवेत गेले असते ते प्रमाण. पावसाला या दुसऱ्या संख्येने भागल्यावर उत्तर ०.६५ पेक्षा कमी आले, तर तो प्रदेश कोरडा मानला जातो, ०.२ ते ०.५ दरम्यान आल्यास निमकोरडा. या व्याख्येनुसार पृथ्वीवरील सुमारे ४१ टक्के जमीन कोरडी आहे आणि दोनशे कोटींहून अधिक माणसे तेथे राहतात. माण, खटाव, सांगोला, करमाळा, कर्जत-जामखेड हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला पट्टा त्याच जगाचा भाग आहे. मुंबईच्या बाजारात येणारी ज्वारी, डाळिंबे आणि मटण यांतला मोठा वाटा याच पट्ट्यातून येतो, तरी त्या जमिनीविषयी शहरात फारशी आस्था दिसत नाही.

या प्रदेशात सरासरीवर विसंबून राहता येत नाही. पाचशे मिलिमीटर सरासरी असलेल्या गावात एका वर्षी तीनशे आणि दुसऱ्या वर्षी सातशे पडू शकतो, आणि त्यातलाही मोठा भाग मोजक्या दिवसांत कोसळतो. म्हणून तेथली जीवसृष्टी संथ, अखंड वाढीवर चालत नाही. पाऊस आला की झपाट्याने उठते आणि उरलेला काळ दबून राहते. पवन्या, मारवेल, कुसळी यांसारख्या बहुवर्षायू गवतांची पाती वाळून जातात, परंतु त्यांची वाढीची टोके जमिनीलगत किंवा जमिनीखाली सुरक्षित असतात आणि मुळांचे जाळे खोलवर पसरलेले असते. उघड्या दिसणाऱ्या मातीवरही अनेक ठिकाणी सूक्ष्म शैवाल, नीलहरित जिवाणू आणि दगडफूल यांचा पातळ सजीव पापुद्रा असतो, जो माती बांधून ठेवतो आणि हवेतला नत्र तिच्यात मिसळतो. ट्रॅक्टरने किंवा खोदकाम करणाऱ्या यंत्राने तो एकदा फोडला, की पुन्हा जमायला अनेक वर्षे लागतात.

आता सीमेच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. माळरानावर झाडे विरळ का असतात? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर देणाऱ्या अभ्यासांपैकी एक महेश शंकरन आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी आफ्रिकेतील ८५४ ठिकाणांची माहिती एकत्र केली आणि असे दाखवले, की वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तेथे झाडांचे आच्छादन किती वाढू शकते याची कमाल मर्यादा पाऊसच ठरवतो. तेथे कोणी झाड तोडले नाही, गुरे चारली नाहीत, तरी जमीन झाडांनी पूर्ण झाकली जाऊ शकत नाही, कारण तेवढे पाणीच नसते. त्याहून अधिक पाऊस असलेल्या भागात झाडे दाट होऊ शकतात, पण वणवे आणि चरणारे प्राणी त्यांना रोखून धरतात. गवताला आग लागली तर त्याची पाती जळतात आणि पुढच्या पावसात ते पुन्हा फुटते. झाडाचे कोवळे रोप मात्र जमिनीपर्यंत जळते आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. काही वर्षे आग लागली नाही आणि रोप ज्वाळांच्या उंचीपलीकडे गेले, तरच ते वृक्ष होते. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून काही पट्टे दरवर्षी, काही दोन-तीन वर्षांनी जाळले जातात आणि काही आगीपासून पूर्ण जपले जातात. त्यांची तुलना केली की आगीचा हा प्रभाव प्रत्यक्ष पाहता येतो. याचा अर्थ कोणीही कुठेही वणवे लावावेत असा मुळीच नाही. सह्याद्रीतल्या ओलसर सदाहरित जंगलात आगीची सवय नसलेली झाडे असतात आणि तेथे वणवा हा शुद्ध विध्वंस असतो. मुद्दा एवढाच, की एकाच पावसात दाट जंगल आणि खुले माळरान या दोन्ही अवस्था टिकू शकतात, आणि प्रत्येक अवस्था स्वतःला राखून ठेवते: दाट सावलीत गवत वाढत नाही म्हणून आग पसरत नाही, आणि गवत भरपूर असले की आग पसरते म्हणून झाडे दाट होत नाहीत. २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांनी उपग्रहाच्या माहितीवरून हेच खंडांच्या पातळीवर दाखवले.

यातून आपल्याकडे रूढ असलेल्या एका ठाम समजुतीला धक्का बसतो. माळरान म्हणजे पूर्वीचे जंगल, जे माणसाने तोडून आणि गुरांनी चरून उजाड केले, असे आपण शाळेपासून मानत आलो आहोत. सरकारी नकाशांतही अशा जमिनींचा मोठा भाग पडीक म्हणून दाखवला जातो. परंतु गवताचे प्राचीनत्व तपासण्याचे साधन शास्त्राकडे आहे. उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते प्रकाशसंश्लेषण वेगळ्या मार्गाने करतात, त्यामुळे हवेतल्या जड कार्बनचे त्यांच्यातले प्रमाण झाडांपेक्षा अधिक असते. पाने आणि मुळे कुजून मातीत मिसळल्यावरही ही खूण टिकते, आणि प्राचीन मातीच्या थरातील चुनखडी तपासून तेथे त्या काळी गवत होते की झाडे, हे सांगता येते. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक थरांत या पद्धतीने असे दिसून आले, की भारतीय उपखंडात गवताळ प्रदेशांचा मोठा विस्तार सुमारे ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी झाला. त्या वेळी कुऱ्हाड चालवायला माणूसच नव्हता. अलीकडे, २०२५ मध्ये, आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी एक वेगळाच पुरावा वापरला. तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, आख्याने आणि लोकपरंपरेतील वर्णनांत पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्या वनस्पती येतात हे त्यांनी शोधले. त्यांत माळरानावरच्या वनस्पती ठळकपणे आढळल्या, म्हणजे हा भूभाग किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही खुलाच होता. आपल्या संतांनी आणि धनगर-गुराख्यांनी ज्या रानाचे वर्णन केले, ते शास्त्राच्या कामी यावे, याचा मराठी वाचक म्हणून मला मनापासून आनंद वाटतो.

पर्यावरणातला बदल मोजताना आणखी गुंतागुंत वाढते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची सलग मोजणी चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावर सुरू केली, तेव्हा ते प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३१५ होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. हा वायू वाढला की झाडांना विशेष फायदा होतो: जळालेले किंवा चरलेले रोप पुन्हा लवकर वाढते आणि पाण्याचा वापरही अधिक काटकसरीने करते. त्यामुळे जगभरातल्या अनेक गवताळ प्रदेशांत झुडपे आणि झाडे वाढताना दिसत आहेत. आपल्याकडे त्यात वेडी बाभूळ आणि घाणेरी यांसारख्या परदेशी झुडपांची भर पडते. वरवर पाहता हे हिरवे होणे चांगले वाटते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहांच्या २००० ते २०१७ या काळातील माहितीवरून चीन आणि भारत जगात सर्वाधिक हिरवे होत असल्याचे दिसले, आणि त्या बातमीचे स्वागतही झाले. त्याच अभ्यासात भारताच्या वाढलेल्या हिरवाईपैकी ८२ टक्के वाटा शेतीचा होता, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिले. उपग्रह पानांवरून परतलेला प्रकाश मोजतो; ती पाने उसाची आहेत, उंबराची आहेत की वेड्या बाभळीची, हे त्याला आपोआप कळत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येतही एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर १० टक्के वृक्षाच्छादन असेल तर ते वनावरणात धरले जाते, मग ती आमराई असो की निलगिरीची लागवड. म्हणून वनावरण वाढल्याचा आकडा वाचल्यावर तेथे जमिनीवर जाऊन कोणी पाहिले का, हा प्रश्न विचारावाच लागतो.

जमिनीवर जाऊन पाहण्यात तेथल्या माणसांचे ऐकणेही येते, आणि याचे आपल्या जवळचे उदाहरण माधव गाडगीळ यांच्या कारकिर्दीत सापडते. पुण्यात जन्मलेल्या गाडगीळांनी प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मुंबईत घेतले, हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि परत आल्यावर वा. द. वर्तक यांच्यासोबत सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. १९७०च्या दशकात कर्नाटकात कागद कारखान्यांसाठी होणाऱ्या बांबूतोडीचा प्रश्न त्यांच्याकडे आला. तोडणी सोपी व्हावी म्हणून बांबूच्या बेटांच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण साफ केले जात असे. गावकरी सांगत होते, की हे काटेच नव्या कोंबांना गुराढोरांपासून वाचवतात. गाडगीळांनी ते म्हणणे मोजणीने तपासले आणि ते खरे निघाले. गणिती सिद्धान्तांत घडलेल्या एका तरुण शास्त्रज्ञाने गावकऱ्यांचे म्हणणे शास्त्रीय गृहीतक म्हणून गांभीर्याने घ्यावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे १९८३ मध्ये त्यांनी बंगळूरला उभारलेल्या परिसंस्था अभ्यास केंद्रातूनच मुदुमलाईचा दीर्घकालीन प्रकल्प पुढे चालला.

मुंबईच्या दृष्टीने या सगळ्याचा व्यावहारिक भाग वृक्षलागवडीशी जोडलेला आहे. येथल्या अनेक कंपन्या आपल्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत झाडे लावतात, कारण तेथे मोकळी दिसणारी जमीन मिळते. हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. परंतु खड्डे खणताना गवताची मुळे उखडली जातात, आणि लवकर वाढणारे गिरिपुष्प दाटीने लावले की त्याच्या सावलीत पवन्या आणि मारवेल टिकत नाहीत. माळढोक, तणमोर, धाविक, चिंकारा आणि लांडगा यांना दूरवर दृष्टी जाईल अशी खुली जमीन लागते. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचा परिसर १९७९ मध्ये ज्या माळढोकासाठी अभयारण्य झाला, तो पक्षी आज महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. हवेतला कार्बन शोषून घेण्याचा हिशेबही तेथे वेगळा आहे: माळरानाचा बहुतेक कार्बन मुळांत आणि मातीत असतो, वणव्याने आणि दुष्काळाने तो सहसा हलत नाही, खड्डे आणि नांगरट यांनी हलतो.

नष्ट झालेले माळरान परत आणता येते का, याचे उत्तर नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० मध्ये शोधले. नांगरट, लागवड किंवा खाणकाम थांबल्यानंतर गवताळ प्रदेशांत वनस्पतींच्या किती जाती परतल्या, याविषयीचे सहा खंडांतले अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. मूळच्या जातींची संख्या पुन्हा गाठायला किमान एक शतक लागते आणि बहुतेक ठिकाणी त्याहून खूप अधिक; सरासरी अंदाज १,४०० वर्षांचा निघाला. बियांपासून सहज न उगवणाऱ्या, जमिनीखाली कंद आणि जाड मुळे राखून जगणाऱ्या वनस्पती सर्वांत उशिरा परततात, आणि काही तर परततच नाहीत. म्हणून माण किंवा करमाळा तालुक्यातल्या एखाद्या माळावर लागवडीचा प्रस्ताव समोर आला, तर खड्ड्यांची संख्या ठरवण्याआधी एका पावसाळ्यात तेथे गवताची ओळख असलेला माणूस पाठवून जातींची यादी करून घ्यावी आणि त्या माळावर मेंढरे चारणाऱ्यांना विचारावे. माळ जुना निघाला, तर तो निधी बांधावरच्या, ओढ्याकाठच्या आणि आधीच नांगरून सोडलेल्या जमिनींवरच्या झाडांसाठी वळवता येतो.